भावाला खोली खाली करायला सांगितलंय, कायद्यात काही आधार आहे का?

अमळनेरची_लेक | डिसेंबर २०२४

नमस्कार, मी मूळची अमळनेरची, आता धुळ्याला सासरी असते. लहान भाऊ २४ वर्षांचा, जळगावला एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात अकाउंट बघतो, पिंप्राळ्याकडे खोली भाड्याने घेतलीये. सोबत त्याची कॉलेजची मैत्रीण राहते, ती ट्रान्सजेंडर आहे, शिवणकाम करते. ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट दोघांच्या नावावर, रजिस्टर केलेलं, मार्चपर्यंत आहे आणि भाडं एकदाही थकलेलं नाही.

दिवाळीनंतर घरमालकाच्या मुलाने इन्स्टावर भावाचा प्राइडमधला (गे, ट्रान्स लोकांच्या मोर्चातला) फोटो बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दारात, म्हणे महिनाअखेर खाली करा, असले लोक आमच्या गल्लीत चालणार नाहीत, नाहीतर तुझ्या कारखान्यात जाऊन सांगतो. त्या रात्री भावाने मला फोन करून पहिल्यांदाच सांगितलं की ताई मी गे आहे, आणि रडायलाच लागला. मी म्हटलं तू आधी जेवून घे, मग बोलू. पण मला रात्रभर झोप नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही, ती रोज फोनवर विचारते, मना आंडोर कसा शे (माझा मुलगा कसा आहे).

समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं म्हणजे आता सगळं कायदेशीर झालं असं मी समजत होते. मग कोणी असं घराबाहेर काढू शकतं का? कामावरूनही काढलं तर? प्लीज कोणाला माहिती असेल तर सांगा.

भुसावळ_लोको

ताई, आधी धीर धरा. मी वकील नाही पण भाच्याच्या प्रकरणात हे सगळं वाचून काढलंय.

खोली एकच, अॅग्रीमेंट एकच, पण कायदा तुमच्या भावाला आणि त्याच्या मैत्रिणीला वेगवेगळा लागू होतो. तिच्यासाठी २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आहे, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये शिक्षण, नोकरी, दवाखाना आणि घर भाड्याने घेणं या सगळ्यात भेदभावाला मनाई आहे, खासगी मालकसुद्धा त्यात आले. आणि कलम १८ प्रमाणे ट्रान्सजेंडर व्यक्तीला राहत्या जागेतून जायला भाग पाडणं हा गुन्हा आहे, ६ महिने ते २ वर्षं कैद आणि दंड. म्हणजे ती पोलीस ठाण्यात जाऊ शकते.

भावाचं तसं नाही. सुप्रीम कोर्टाच्या ३७७ वरच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तो गुन्हेगार ठरत नाही एवढं पक्कं झालं. समलैंगिक असण्यावरून भेदभाव म्हणजे घटनेच्या कलम १५ चा भंग असंही त्या निकालात आलंय. पण ते बंधन मुख्यतः सरकारवर. खासगी घरमालक किंवा कारखानदाराने गे म्हणून नाकारलं तर त्याला थेट अडवेल असा वेगळा कायदा आपल्याकडे अजून झालेलाच नाही. ही फार मोठी फट आहे आणि मला तिचा खरंच राग येतो. ऑक्टोबर २०२३ च्या समलैंगिक लग्नाच्या निकालानंतर सरकारने जॉइंट बँक खातं, रेशन कार्ड यावर खुलासे काढले, भाड्याच्या घराबद्दल काही नाही.

तरी भाऊ अगदी उघड्यावर नाही. रजिस्टर अॅग्रीमेंट आहे ना, मग त्यात नोटिशीचा जो कालावधी लिहिलाय तो मालकाला पाळावाच लागेल. आणि कारखान्यात सांगतो ही बदनामीची धमकी झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ बघा. व्हॉट्सअॅपवर असेल तर स्क्रीनशॉट आजच काढून तुमच्याकडे मागवा.

तापी_काठ

घर ज्याचं त्याची मर्जी भो. मला पटत नाही तर मी पण देणार नाही, उगाच पोलीस कशाला.

भुसावळ_लोको

भो, आडनाव विचारून खोली नाकारतात तेव्हाही हेच बोलतात. माझ्या बापाने १९८८ साली ते ऐकलंय. भाडं वेळेवर देणाऱ्या पोराला मध्येच बाहेर काढायचं ही मर्जी मला मान्य नाही.

चोपड्याची_मीरा

ताई मी स्वतः ट्रान्स बाई आहे. तुमच्या भावाच्या मैत्रिणीकडे ट्रान्सजेंडर ओळखपत्र आहे का ते आधी विचारा. नॅशनल पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने सर्टिफिकेट आणि कार्ड येतं. २०२० च्या नियमांप्रमाणे ३० दिवस, आणि ऑपरेशन झालेलंच पाहिजे असं नाही. कार्ड नसलं तरी कायदा लागू आहेच, पण कार्ड टेबलावर ठेवलं की तू नक्की कोण यावर अर्धा तास जात नाही, हा माझा अनुभव. माझं यायच्या आधी मला प्रत्येक ठिकाणी उभं राहून स्वतःची कहाणी सांगावी लागायची, आणि ऐकणारे चार जण हसायचे.

आणि आपल्याकडे कोणी लढलंच नाही असं समजू नका. जळगाव तालुक्यातल्या भादलीच्या अंजली पाटील, ग्रामपंचायतीला महिला जागेवर अर्ज भरला तर बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये कोर्टाने महिला म्हणून लढायची परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून वंचितने शमिभा पाटील यांना तिकीट दिलं. मी ते वाचलं तेव्हा पेपर घडी करून कपाटात ठेवला.

जळगाव कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फुकट वकील मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

अमळनेरची_लेक

खूप खूप आभार सगळ्यांचे, वाचताना रडू आलं. मैत्रिणीकडे कार्ड नाहीये, काल रात्रीच अर्ज भरायला बसवलं. ती तक्रार करायला तयार आहे पण तिला भीती वाटते की त्यात भावाचं नाव येईल आणि कारखान्यात कळेल. तिने एकटीने दिली तर चालेल का?

चोपड्याची_मीरा

चालेल, तक्रार तिची, तिच्या नावाने. मालक तिला काय बोलला, कोणत्या दिवशी, तेवढंच लिहायचं. भाऊ गे आहे हे लिहायची काहीच गरज नाही, पण दोघं एकाच खोलीत राहतात तर पोलीस त्याला विचारू शकतात, म्हणून आधी वकिलाशी बोला. ते त्याने कोणाला सांगायचं हे त्याचं त्यालाच ठरवू द्या, आईलासुद्धा.

सोमवारी सकाळच्या एसटीने या, अॅग्रीमेंटची झेरॉक्स आणा. मी चोपड्याहून ११ पर्यंत पोचते, कोर्टाच्या गेटवर थांबते.