आयजीजीवर जाऊ नका, बायोप्सी मागा
तासगावच्या ताई, भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे, शिरेतून स्टिरॉइड चालू असूनही पाच दिवसांत रक्त थांबलं नाही आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलो हा विषाणू) आयजीजी, म्हणजे त्याविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह आला, असं तुम्ही लिहिलंय. तो रिपोर्ट बाजूला ठेवा. आपल्याकडे बहुतेक प्रौढांचा आयजीजी पॉझिटिव्हच येतो. विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच त्यातून कळतं.

आतड्यात तो आत्ता जागा आहे का, हे बायोप्सीच (आतड्याचे छोटे तुकडे काढून केलेली तपासणी) सांगते. त्यासाठी पूर्ण कोलोनोस्कोपी लागत नाही, सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याचा फक्त शेवटचा भाग दुर्बिणीने पाहणं) पुरते. तुकडे मात्र जास्त हवेत, आणि व्रणाच्या तळातून व कडेवरून. एकदोन तुकड्यांत विषाणू सहज निसटतो. फॉर्मालिनमधल्या तुकड्यांवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (विषाणूची प्रथिनं खास रंगाने दाखवणारी तपासणी) करा असं फॉर्मवर स्पष्ट लिहून घ्या. साध्या रंगाच्या तपासणीत बऱ्याच केसेस सुटतात. टिश्यू पीसीआर (तुकड्यात विषाणूचा डीएनए शोधणं) करायचा असेल आणि नमुना मिरजेहून पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर तो कशात व किती थंड पाठवायचा हे लॅबला आधी विचारा. त्याच दिवशी शौचातून सी. डिफिसाईल हा जिवाणूही तपासा.

निदान पक्कं झालं तर नेहमीचा डोस गॅन्सिक्लोव्हिर (विषाणूविरोधी औषध) वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी शिरेतून. सुधारणा दिसल्यावर व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या, एकूण २ ते ३ आठवडे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला निर्देशक) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. या औषधाने पांढऱ्या पेशी घसरतात, ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर फारच, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वरचेवर हवा. स्टिरॉइड मनाने बंद करू नका, ते डॉक्टरच उतरवतील.