मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीत एबीएस, ईएससीचे दिवे मधूनच लागतात आणि आपोआप जातात

नमस्कार मंडळी,

गाडी सहा वर्षांची, पेट्रोल, सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरचा एक प्रकार), ५८ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती गाडी घेतलीच कशाला" ह्यावर जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

तर दीड-दोन महिन्यांपासून चालू गाडीत एकदम टिंग असा आवाज येतो आणि दोन पिवळे दिवे लागतात, एक एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि दुसरा तो घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला, म्हणजे ईएससीचा (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टीम), आणि सोबत हिल असिस्ट (चढावर गाडी मागे सरकू न देणारं) चेक करा असा मेसेज. गाडीच्या चालण्यात काहीच फरक नाही, पिकअप तोच, ब्रेक लागतात, झटके नाहीत. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की सगळं साफ, जसं काही झालंच नव्हतं. कधी दिवसातून दोनदा होतं तर कधी आठ-आठ दिवस काहीच नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा बायको चालवत होती, सिंहगड रोडला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, आणि मी (चूक कबूल) पहिला प्रश्न हाच विचारला की तू काय दाबलंस. नंतर हिशोब केला तर माझ्या हातात आत्तापर्यंत तीनदाच झालंय आणि तिच्या हातात दहा-बारा वेळा. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं, ते इथे नको.

सर्व्हिस सेंटरला दोन चकरा झाल्या. पहिल्या वेळी स्कॅनर लावला, म्हणाले हिस्टरीत बिघाडाचा कोड होता, डिलीट केलाय. कोणता कोड ते जॉब कार्डवर नाही आणि ऍडव्हायजरला आठवत पण नाही! दुसऱ्या वेळी गाडी दिवसभर ठेवली, टेस्ट ड्राइव्ह घेतली, अर्थातच दिवा लागला नाही, आणि संध्याकाळी फोन की एबीएस मॉड्युल (त्या सिस्टीमचं कंट्रोल युनिट) जात असेल, ४६ हजार होतील, बदलून बघू. मला त्या "बघू"ची भीती वाटली म्हणून गाडी घेऊन आलो.

बाहेर बॅटरी चेक केली, बंद गाडीत १२.५ व्होल्ट आणि चालू गाडीत १४.२ येतायत, टर्मिनल घासून घट्ट करून घेतले. पार्किंगमध्ये उंदीर आहेत म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुरचुंड्या आधीपासूनच आहेत, तरी टॉर्च मारून वायरी बघितल्या, कुठे कुरतडलेलं दिसलं नाही.

अजून एक, ह्याचा संबंध नसेल कदाचित. दोनदा सकाळी गिअरचा दांडा पी (पार्किंग) मधून हलेचना. आणि एकदा स्टार्टचं बटण दाबलं तर गाडी चालू न होता नुसता डॅशबोर्ड लागला आणि ब्रेक दाबा असा मेसेज, पाय ब्रेकवर असताना. परत जोरात दाबल्यावर चालू झाली. मला वाटलं बूट घसरला असेल.

शनिवारी आई-बाबांना घेऊन साताऱ्याला जायचंय. अशी गाडी घेऊन खंबाटकी चढावी का? आणि ते ४६ हजारांचं मॉड्युल खरंच गेलं असेल का? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १

नुसत्या १२.५ वर जाऊ नका. स्टार्टरचा लोड आला की म्हातारी बॅटरी कोसळते आणि मग वाट्टेल ते दिवे लागतात. लोड टेस्ट करून घ्या, बॅटरीवाले बहुतेक फुकट करून देतात. सहा वर्षं ओरिजिनल बॅटरी असेल तर तिने तिचं काम केलंय.

धागाकर्ता

बॅटरी गेल्या वर्षीच बदललीये, आणि दिवे स्टार्ट करताना नाही, चालता चालता लागतात. तरी लोड टेस्ट करून घेतो.

प्रतिसाद २

व्हील स्पीड सेन्सर. चारही चाकांना असतो, चिखल बसला किंवा वायर आतून तुटली की हेच दिवे लागतात. माझ्या गाडीत पुढच्या डाव्या चाकाची वायर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ताणली जायची. तुमच्याकडे वळताना लागतात का ते बघा.

प्रतिसाद ३

वरचे दोघं म्हणतात ते होऊ शकतं, पण त्याने पी मध्ये दांडा अडकणार नाही. तुम्ही जे "संबंध नसेल" म्हणून शेवटी लिहिलंय ना, उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. ब्रेक दाबल्यावर तुमचे मागचे दिवे दर वेळी लागतात का हो?

ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला, पेडलच्याच दांड्याला टेकून एक छोटा प्लास्टिकचा स्विच असतो. आत बहुतेक गाड्यांत दोन कॉन्टॅक्ट असतात, पेडल दाबलं की एक जोडला जातो आणि दुसरा सुटतो. एकावर मागचे दिवे, दुसरा कंप्युटरला सांगायला. स्विच झिजला की पेडल थोडंसं दाबून त्याला कळतच नाही. इकडे ईएससीच्या युनिटमध्ये ब्रेक ऑइलचं प्रेशर मोजणारा सेन्सर असतो, तो म्हणतो प्रेशर वाढलंय, स्विच म्हणतो पेडलवर पायच नाहीये. दोघांचं जमेना की युनिट दिवे लावून स्वतः बाजूला होतं. आणि पी मधून दांडा सोडायला किंवा बटणावर इंजिन चालू करायलाही ब्रेक दाबल्याचा सिग्नल लागतो, म्हणून तुमचा तो बुटाचा किस्सा.

बंद करून चालू केली की सेल्फ चेक नव्याने होतं, त्यात स्विच नीट वागला तर दिवे गायब. सर्व्हिस सेंटरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये मोकळ्या रस्त्यावर दणकून ब्रेक मारत असतील, त्यांना कसा सापडणार. वहिनी पेडल हळू दाबत असतील, ट्रॅफिकमध्ये नुसता पाय टेकवून गाडी सरकवत असतील. बरोबर?

साताऱ्याचं म्हणाल तर पिवळ्या दिव्यांत साधे ब्रेक चालतात, फक्त चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आणि गाडी सावरणारं ईएससी मदतीला नसतं. मला काळजी वेगळी वाटते. घाट उतरताना तुम्ही हळूच ब्रेक लावलात आणि मागच्या ट्रकला तुमचा दिवाच दिसला नाही तर? आधी स्विच बघा, मग जा.

आणि कुठे पी मध्ये अडकलातच तर बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ एक बारीक झाकण असतं. हँडब्रेक ओढायचा, इग्निशन ऑन, ब्रेकवर पाय, आणि त्या भोकात चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून दांडा काढायचा. मॅन्युअलमध्ये शिफ्ट लॉक नावाने बघा.

धागाकर्ता

काका (काकाच असाल असं धरतो), काय सांगू. रात्री बेसमेंटमध्ये गाडी भिंतीला पाठ करून लावली, बायको आत, मी मागे. तिला म्हटलं तू नेहमी दाबतेस तसं दाब. भिंत काळीच! अजून थोडं दाबल्यावर लाल उजेड आला, तो पण ट्यूबलाईटसारखा फडफडत. दहापैकी सहा वेळा हलक्या पायाने दिवे लागलेच नाहीत. मी बसून दाबलं तर दहापैकी नऊ वेळा लागले, कारण मी म्हणे खिळा ठोकल्यासारखा ब्रेक मारतो.

ऑफिसातल्या एकाकडून ब्लूटूथवाला स्कॅनर आणला, पी ०५०४ निघाला.

प्रतिसाद ३

मग झालंच. हा कोड म्हणजे स्विचचे दोन कॉन्टॅक्ट एकमेकांशी जुळत नाहीत. फक्त नवीन स्विच बसवताना स्विच आणि पेडलमधला गॅप नीट सेट करायला सांगा. काही गाड्यांत स्विच खोबणीत घालून फिरवला की गॅप आपोआप बसतो, काहींत नट असतो. गॅप चुकला तर मागचे दिवे कायम लागून राहू शकतात आणि सकाळी बॅटरी मेलेली असेल.

धागाकर्ता

अपडेट. शुक्रवारीच कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बदलला, सीट पूर्ण मागे सारून, स्टिअरिंगखाली डोकं घालून, पंधरा मिनिटांत. पार्ट आणि मजुरी धरून ६५० रुपये. शनिवारी सातारा झालं, आज तीन आठवडे झाले, एकदाही दिवा नाही, दांडा पण अडकला नाही. मॉड्युल आहे तिथेच आहे. सर्व्हिस सेंटरच्या फोनवर सांगितलं तर म्हणाले, हो सर, तो स्विच पण असू शकतो.

प्रतिसाद १ आणि २, तुमचेही आभार, लोड टेस्ट पण केली, बॅटरी ठणठणीत निघाली.

प्रतिसाद २

आणि वहिनींना सॉरी म्हणालात का?

धागाकर्ता

धागा तिला वाचायला दिलाय. म्हणाली "तू काय दाबलंस" हे वाक्य ठळक कर.