व्यसनापायी चोरी केली, तर तुरुंग की उपचार?

उंबरठा:
नशेच्या पैशांसाठी पाकीट मारणाऱ्याला डांबण्यापेक्षा न्यायाधीशाने उपचाराला धाडावं, असं माझं मत. अमेरिकेत मायामीत १९८९ साली असं 'ड्रग कोर्ट' सुरू झालं. ठरल्या तारखेला न्यायाधीशासमोर हजर व्हायचं, लघवीची तपासणी द्यायची, समुपदेशन चुकवायचं नाही. नीट पार पडलं तर खटला मिटतो, दांड्या मारल्या तर पुन्हा आत. याला लाड म्हणणाऱ्यांनी आठवडाभर करून बघावं.

तिरकस:
आमच्याकडे चोरी करणारा पोरगाही नशेतलाच होता. आईच्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच. उद्या कर्जबाजारी माणसाने घर फोडलं, तर त्याला कर्जमाफी द्यायची का?

रातपाळी:
सुटून येणाऱ्या कैद्यांबरोबर मी काम केलंय. हेरॉइनवाला काही महिने आत राहिला की शरीराची सवय मोडते, मनातली ओढ तशीच राहते. बाहेर येऊन तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट. एकाची कपड्यांची पिशवी आमच्या कपाटात बरेच दिवस पडून होती. तुरुंगातून आणली तशीच, गाठही न सोडलेली.

तिरकस:
वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचं काय झालं? २०२० मध्ये लोकांनी मत देऊन थोडा माल जवळ बाळगण्याची शिक्षा काढली. शंभर डॉलर दंड, नाहीतर हेल्पलाइनला फोन. फोन फारच थोड्यांनी केले. २०२४ मध्ये पुन्हा गुन्हा ठरवावा लागला.

उंबरठा:
अहो, हे तर माझ्या बाजूचं उदाहरण! तिथे धाक नव्हता, आणि उपचारांची सोयही वेळेत उभी राहिली नाही. पोर्तुगालमध्ये २००१ पासून दहा दिवसांपुरता माल सापडला तर फौजदारी खटला नाही, पण व्यसन सोडवण्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे जावंच लागतं.

रातपाळी:
ड्रग कोर्टाचं इतकं कौतुकही नको. कित्येक ठिकाणी मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनची ओढ आवरणाऱ्या औषधावर, असलेल्याला 'तू अजून नशेतच आहेस' म्हणून औषध सोडायला लावत. मधुमेह्याचं इन्सुलिन न्यायाधीश बंद करतो का? शिवाय एकदा पाय घसरला की लगेच आत, हेही चूक. या दुखण्यात माणूस पुन्हा पुन्हा घसरतो.

तिरकस:
हत्यार चालवणाऱ्याला यात घेऊ नका आणि नुकसानभरपाई आधी लिहून घ्या. मग पहिल्या गुन्ह्यापुरतं मला चालेल. दुसऱ्या वेळी नाही.

रातपाळी:
दुसरी वेळ येतेच हो. तीच तर खरी पंचाईत आहे.