शब्दचर्चा: शिशाचं ‘खनिज’ म्हणावं की ‘धातुक’?

डिचोलीहून:
राजस्थानातल्या जावरच्या शिसे-जस्त खाणींवरचा लेख मराठीत आणतेय. ‘ओअर’ (ore) या इंग्रजी शब्दापाशी अडले. आमच्याकडे बार्जमधून जातं ते खनिजच, दुसरा शब्द कुणाच्या तोंडी नाही. हिंदीतला ‘अयस्क’ घेऊ का?

फोंड्याहून:
ताई, ‘धातुक’ घ्या. अयस् म्हणजे लोखंड. शिशाच्या दगडाला ते नाव मला खटकतं.

गोव्यात खनिज म्हटलं की लोहखनिजच डोळ्यांपुढे येतं, म्हणून हा घोळ. गॅलेना हे खनिज, शिसं आणि गंधक यांचं. जावरला ते ज्या खडकात सापडतं तो डोलोमाइट, तोही खनिजच. धातुक मात्र तेव्हाच, जेव्हा त्यातून धातू काढणं परवडतं. आपल्या खाणींवरचे डंप, म्हणजे खनिजाचे ढीगच बघा ना! टाकाऊ म्हणून रचले आणि चीनची मागणी वाढल्यावर उपसून विकले. दगड तोच, खनिज तेच, फक्त धातुक ठरलं.

माझ्याकडे गॅलेनाचा सुपारीएवढा तुकडा आहे. हातात घेतला की जडपणा लगेच जाणवतो, पाण्याच्या साडेसातपट. फुटलेल्या बाजूला चौकोनी पायऱ्या पायऱ्या दिसतात. फरशीच्या खरबरीत पाठीवर ओढला की राखाडी रेघ उमटते, शिसपेन्सिलीसारखी. (त्या पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं.) जस्ताचं खनिज स्फॅलेराइट शेजारी ठेवलं तर चमक राळेसारखी आणि रेघ फिकट, पिवळट-तपकिरी. ग्रीकमध्ये त्याच्या नावाचा अर्थच ‘फसवा’. खाणीतली माणसं गॅलेना समजून फोडायची आणि शिसं काही निघायचं नाही.

डिचोलीहून:
पटलं. आता जस्त काढायचं भांडं, ‘रिटॉर्ट’? ‘मूस’ लिहू?

वाळपईहून:
नुसतं मूस नको, ती उघड्या तोंडाची वाटते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि धातुकातून सुटतं ते त्याहून जास्त उष्णतेत. म्हणजे उघड्या भट्टीत वाफ होऊन हवेत जातं, हाती पांढरी राख उरते. म्हणून जावरच्या कारागिरांनी मातीची बंद भांडी केली, तोंडाला लांब नळी लावली आणि एकेका भट्टीत ३६ भांडी उलटी बसवली. वाफ नळीतून खाली उतरायची आणि गार होऊन जमायची. रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंच्या आपल्या जुन्या विद्येत, या भांड्याला शब्द आहे, ‘वृंताकमूषा’. वृंताक म्हणजे वांगं. आकार अगदी तसाच, देठासकट.

डिचोलीहून:
वांगीमूस! हाच लिहिते.