मदत हवी आहे: आईचा जबडा वारंवार निखळतोय, आधी इंजेक्शन की थेट शस्त्रक्रिया?

नमस्कार. आईसाठी सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईचं वय ७४. मोठी जांभई आली की तिचा जबडा उघडा तो उघडाच राहतो. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्हाला अर्धांगाचा झटकाच वाटला. बोलता येईना, लाळ गळत होती. हनुवटी पुढे आलेली आणि दोन्ही कानांच्या पुढे बोट टेकेल असा खळगा. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, दोन्ही बाजूंचे सांधे सटकलेत. एकाच बाजूचा असता तर हनुवटी विरुद्ध बाजूला वळली असती. हाड मोडलेलं नाही ना हे एक्स-रेमध्ये बघितलं, स्नायू सैल पडायला इंजेक्शन दिलं, अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांच्या जागी ठेवले, जबडा आधी खाली दाबला आणि मग मागे सरकवला. लगेच तोंड मिटलं.

पण तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा होतंय. आई आता मोकळेपणी हसत नाही, कुणासमोर जेवायला बसत नाही. बघवत नाही हो.

एका सर्जननी तिचंच रक्त काढून सांध्यात सोडायचा उपाय सुचवलाय. दुसरे म्हणतात, सांध्यापुढचा हाडाचा उंचवटा काढून टाकू. मला कळत नाही ते हेच: अडवणारा उंचवटाच काढला तर जबडा आणखी सहज सटकणार नाही का?

प्रतिसाद

ताई, मी ओरल सर्जन आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे. तोंड उघडताना खालच्या जबड्याचं गोल टोक खोबणीतून पुढे सरकतं. ते उंचवट्याच्या पलीकडे गेलं की चावण्याचे स्नायू आखडतात आणि त्याला वर ओढून धरतात. मग परतीच्या वाटेवर तोच उंचवटा आडवा येतो. तो काढला की टोक पुढे जाईलही, पण अडकणार नाही, आपलं आपण मागे येईल. याच्या उलट, उंचवट्यापुढे हाडाचा अडसर वाढवून टोकाला पुढे जाऊच द्यायचं नाही, अशीही शस्त्रक्रिया असते. दोन्हींत सहसा पूर्ण भूल लागते.

म्हणून या वयात मी आधी रक्ताच्या इंजेक्शनचा विचार करेन. हाताच्या शिरेतलं थोडं रक्त सांध्यात आणि त्याच्या भोवती सोडतात. ते गोठतं, तिथे व्रणासारखे तंतू तयार होतात आणि सांध्याची हालचाल आवरली जाते. जागा बधिर करून होतं, गरज पडली तर पुन्हा करता येतं, आणि उपयोग झाला नाही तरी शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा राहतो. मात्र नंतर काही आठवडे तोंड कमी उघडण्याचं पथ्य पाळलं नाही तर सगळं वाया जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

दोन गोष्टी कळवा. कवळी सैल आहे का? आणि औषधं कोणती चालू आहेत? उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी जबड्याचे स्नायू आखडतात. कारण तिथे असेल तर सांध्यावर कितीही उपचार करा, त्रास परत येणार. पार्किन्सनसारखा आजार असेल तर बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, उपयोग होतो, पण त्याचा परिणाम साधारण ३ ते ४ महिने टिकतो.

आणि सटकलेला जबडा घरी बसवायचा प्रयत्न कृपया करू नका. जबडा एकदम मिटतो, बोटं चिरडतात. थांबूही नका, जितका उशीर तितके स्नायू घट्ट होत जातात.

प्रतिसाद

मलाही हा त्रास होता. जांभई येतेय असं वाटलं की जीभ टाळूला लावायची, हनुवटी छातीकडे झुकवायची आणि खालून मुठीचा आधार द्यायचा. जीभ टाळूला असली की तोंड फार उघडतच नाही. आईंना आरशासमोर बसवून सवय करून घ्या. दातांचं काम करताना डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते मधे मधे तोंड मिटू देतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उंचवट्याचं इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. कवळी सैल आहे, जेवताना हलते. औषधांची यादी उद्या इथे टाकते. अजून एक विचारायचं होतं: आईला झोपेतही जांभया येतात. रात्री हनुवटीला पट्टी बांधली तर चालेल का, की श्वासाला अडचण होईल?