मदत हवी आहे: वोल्फहागेनच्या जुन्या कोर्टाची कागदपत्रं

जर्मनीतल्या कासेलजवळच्या वोल्फहागेन गावातल्या जुन्या कोर्टावर, म्हणजे आम्ट्सगेरिश्टवर, लिहितोय. 1866 ला प्रशियाने हा मुलुख घेतला, पुढच्या वर्षी इथल्या युस्टित्सआम्टचं, म्हणजे आधीच्या स्थानिक कोर्टाचं, आम्ट्सगेरिश्ट झालं आणि 2011 संपताना ते बंद करून काम कासेलकडे दिलं, एवढं नक्की आहे. मारबुर्गच्या स्टेट आर्काइव्हची यादी आर्किन्सिस या अभिलेखागारांच्या ऑनलाइन कॅटलॉगवर चाळली, पण हवी ती नोंद सापडत नाहीये. जर्मन नीट येतं, कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी मात्र अडखळत वाचतो, त्यात ई आणि एन अगदी सारखेच दिसतात! मारबुर्गला एकदाच जाणं जमेल म्हणून आधीच विचारतोय, 1867 च्या बदलावेळची फाइल युस्टित्सआम्टच्या नावाखाली शोधायची की आम्ट्सगेरिश्टच्या?