मतदान, मोबाईल आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

शनिपारकर:
फोनची मेमरी भरली म्हणून जुने फोटो उडवत होतो, त्यात १७ एप्रिल २०१४ निघाला. पुण्यात लोकसभेचं मतदान. वडील वर्षानुवर्षं त्याच शाळेत मत देणारे, आणि यादीत नावच नाही! चिडून फेसबुकवर टाकलं, तर खाली कोथरूड, सिंहगड रोड, कुठून कुठून "आमचंही नाही". तोवर वाटत होतं घोळ आमच्यापुरताच आहे. मग लोक कलेक्टर कचेरीवर जमले, प्रकरण हायकोर्टात गेलं. तुमचेही किस्से येऊ द्यात. पक्ष, उमेदवार नकोत प्लीज.

वाटाणा:
आमच्याकडे कुकर वाटप. सी-व्हिजिलवर (निवडणूक आयोगाचं तक्रारीचं ॲप) टाकलं. १०० मिनिटांत निकाली काढायचं असतं. भरारी पथक आलं खरं, पण कुकर गायब, रिकामी खोकी तेवढी जिन्यात 😀

औंधकर_सून:
@वाटाणा आपलं नाव कळतं का हो? टेम्पो सासऱ्यांच्या मित्राचा असतो 🙈

वाटाणा:
नाव न देता करता येते तक्रार. फोटो मात्र त्याच ॲपमधून तिथल्या तिथे काढायचा, गॅलरीतला चालत नाही. बरंच आहे, नाहीतर आमचे काका परराज्यातला पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ "कसब्यात बघा काय चाललंय" म्हणून पाठवतात.

चकली:
सगळ्यांचे काका एकच आहेत का??

बूथवाला:
पोलिंग एजंट होतो, म्हणजे केंद्रात बसणारा उमेदवाराचा माणूस. व्हिडिओ राहू द्या, १७-सी नावाचा फॉर्म सांभाळा. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष सही करून प्रत देतो, यंत्रात एकूण किती मतं पडली ते त्यात असतं. फोटो काढून लगेच ग्रुपवर. मोजणीला तोच आकडा यंत्राशी ताडून बघायचा. कंटाळवाणं काम आहे, म्हणून व्हायरल होत नाही.

पेठी_पुणेकर:
केंद्रातल्या सीसीटीव्हीचं फुटेज सामान्य माणसाला बघता येऊ नये म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये नियमच बदलला. आणि आपला मोबाईल आत न्यायचा नाही. मजा आहे.

चकली:
भाच्याने बटण दाबतानाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. वहिनीने फोन हिसकावून डिलीट केला. गुप्त मतदान असतं रे बाळा!

औंधकर_सून:
माझं मत आधीच कुणीतरी देऊन गेलेलं 😡

बूथवाला:
@औंधकर_सून टेंडर व्होट मागायचं. कागदी मतपत्रिका देतात.

औंधकर_सून:
आत्ता सांगताय! कुकर लावलाय, शिट्टी झाली की येते.

वाटाणा:
वाटपातला की विकतचा?